एक्स-रे सुधारतोय, पण ऑक्सिजन चढत नाही: न्यूमोनियाच्या आड लपलेला हृदयदोष

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही कागलजवळचे. थोरले बंधू, वय ४६, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. तरुणपणी तालमीत घुमलेले, कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत. स्वाइन फ्लूचा न्यूमोनिया झाला म्हणून कोल्हापुरात ॲडमिट केलं. आता ताप उतरलाय, एक्स-रे सुधारलाय असं डॉक्टर सांगतात. पण पंधरा लिटरचा मास्क लावूनही सॅच्युरेशन ८५-८६ च्या वर जात नाही, आणि टेकवून बसवलं की उलट ८० वर येतं. काल इको करताना शिरेतून बुडबुडे सोडले आणि हृदयाला जन्मापासून छिद्र आहे असं निघालं. एवढी वर्षं कळलं कसं नाही? न्यूमोनियामुळे छिद्र पडलं का? ते लगेच बंद करायचं का? आणि घरातल्या पोरांनाही असेल का?"

दादांना बुडबुड्यांची तपासणी सुचवणाऱ्या डॉक्टरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. एक्स-रे सुधारतोय म्हणजे आज ना उद्या ऑक्सिजनही चढेल, असं धरून चालणं सोपं असतं. मी छातीच्या आजारांचं आणि आयसीयूचं काम या शहरात बरीच वर्षं करतोय. विषाणूंच्या न्यूमोनियात माझा आग्रह एकच असतो: फुफ्फुसावरचा डाग आणि ऑक्सिजनची तूट यांचा मेळ बसत नसेल, तर हृदयाकडे बघा. आणि तिथे छिद्र सापडलं तर त्यावर तुटून पडू नका. ते ज्या दाबामुळे उघडलं, तो दाब आधी उतरवा.

न्यूमोनियाने हृदयाला छिद्र पडत नाही. ही वाट आपल्या प्रत्येकाच्या हृदयात जन्माआधी असते, आणि ती असावीच लागते. पोटातल्या बाळाची फुफ्फुसं कामाला लागलेली नसतात. त्याला ऑक्सिजन मिळतो वारेतून, नाळेवाटे. ते चांगलं रक्त पोटातल्या मोठ्या शिरेने हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येतं. तिथून फुफ्फुसाकडे जाऊन काही उपयोग नसतो, म्हणून दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात असलेल्या वाटेने ते थेट डावीकडे जातं आणि बाळाच्या मेंदूकडे, शरीराकडे रवाना होतं. या वाटेचं नाव फोरामेन ओव्हॅले. बाळ जन्मतं, पहिला टाहो फोडतं, फुफ्फुसं फुगतात, त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या सैल होतात. डावीकडे भरपूर रक्त येऊ लागतं, तिथला दाब वाढतो, आणि पडद्याचा पातळ पापुद्रा त्या वाटेवर दाबून बसतो. बहुतेकांमध्ये पुढच्या काही महिन्यांत तो कायमचा चिकटून जातो.

चौघांतल्या एकामध्ये मात्र तो चिकटतच नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ साली शवविच्छेदनातल्या ९६५ हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरकरणी निरोगी असलेल्या त्या हृदयांपैकी सुमारे २७ टक्क्यांमध्ये ही वाट उघडी राहिलेली होती, आणि तिची रुंदी सरासरी पाच मिलिमीटरच्या आत-बाहेर होती. आम्ही तिला पीएफओ (पेटंट, म्हणजे उघडं राहिलेलं, फोरामेन ओव्हॅले) म्हणतो. दार लोटलेलं आहे, फक्त कडी लावलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. डाव्या कप्प्यातला दाब साधारण पाऱ्याच्या ८ ते १० मिलिमीटरइतका असतो, उजव्यातला ३ ते ५. हा फरक आहे तोवर ते दार आपोआप लोटलेलंच राहतं. ना धाप, ना निळेपणा, ना स्टेथोस्कोपला काही आवाज. ईसीजीही स्वच्छ.

म्हणूनच तुमचे दादा तालमीत घुमू शकले. कुस्तीत श्वास रोखून जोर लावला की उजव्या बाजूचा दाब क्षणभर वाढतो आणि थोडं रक्त पापुद्रा ढकलून डावीकडे जातही असेल, पण श्वास सोडला की सगळं जागेवर. त्याने कुणाला काही जाणवत नाही. तेव्हा एवढी वर्षं कळलं नाही यात घरच्यांची हयगय नाही आणि आधीच्या कुठल्या डॉक्टरची चूकही नाही.

आता न्यूमोनिया काय करतो ते बघू. फ्लू किंवा कोविडसारख्या विषाणूने फुफ्फुसाला सूज आणली की काही वायुकोशांत पाणी भरतं. ज्या भागात ऑक्सिजन पोहोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या स्वतःहून आकसतात. ही शरीराची शहाणी सोय आहे, रक्त चांगल्या भागाकडे वळवण्याची. पण आजार दोन्हीकडे पसरला की इतक्या वाहिन्या आकसतात, की उजव्या बाजूच्या हृदयाला रक्त पुढे ढकलणं जड जातं. त्यात बारीक गुठळ्या झाल्या, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, आम्लता वाढली, की दाब आणखी चढतो. आणि आम्ही उपचार म्हणून बायपॅपचा मास्क किंवा व्हेंटिलेटर लावतो, त्याचा हवेचा दाबसुद्धा छातीतल्या वाहिन्यांवर येतो. या सगळ्यातून उजव्या कप्प्यातला दाब डाव्यापेक्षा वर गेला, की पापुद्रा उघडतो आणि अशुद्ध रक्त फुफ्फुसाला वळसा घालून थेट शरीरात मिसळतं. फाउंड्रीतली वाळू किंवा बायकांच्या बाबतीत चुलीचा धूर यांनी फुफ्फुसं आधीच कडक झालेली असतील, तर हा दाब आजारापूर्वीच थोडा चढलेला असू शकतो. दादांची कामाची जागा कोणती, मोल्डिंगची (वाळूचे साचे बनवण्याची) की फेटलिंगची (ओतीव भाग घासून साफ करण्याची), किती वर्षं, तोंडाला मास्क होता का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. ही माहिती फाईलमध्ये क्वचितच असते आणि ती कामाची असते.

पंधरा लिटर ऑक्सिजन देऊनही आकडा का हलत नाही, याचा ढोबळ हिशेब तुम्हीही करू शकता. फुफ्फुसातून नीट भरून आलेलं रक्त ९८ टक्के संपृक्त असतं. शरीराला ऑक्सिजन देऊन परतलेलं रक्त एरवी ७० टक्क्यांच्या आसपास असतं. शंभरातले तीस भाग रक्त वळसा घालून गेलं, तर मिश्रण होतं ९० च्या जवळ. आता माणूस आजारी आहे, ताप आहे, रक्त कमी आहे, शरीर जास्त ऑक्सिजन ओढून घेतंय, म्हणून परतणारं रक्त ५० टक्क्यांवर आलं असं धरा. तेच तीस भाग मिसळले की मिश्रण येतं ८४ च्या आसपास. आता ऑक्सिजन वाढवा. ९८ चे फार तर १०० होतील. वळसा घालून जाणाऱ्या रक्ताला तर तुमच्या मास्कचा पत्ताच नसतो. म्हणून काटा ८५ वर अडतो. अर्थात, पाण्याने भरलेल्या वायुकोशांजवळून जाणारं रक्तही असंच कोरडं परततं, म्हणजे न्यूमोनिया स्वतःसुद्धा असाच वळसा तयार करतो. हृदयातला वळसा त्यात भर घालतो. दोन्हींचा वाटा किती, हे ठरवणं हेच खरं काम.

या हिशेबातून एक उपचारही हाती लागतो. परतणारं रक्त जितकं चांगलं, तितकं मिश्रण चांगलं. म्हणून ताप उतरवणं, हिमोग्लोबिन फार खाली असेल तर ते सुधारणं, हृदयाचा जोर टिकवणं, रुग्णाला शांत ठेवणं, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनीही सॅच्युरेशन दोन-चार अंकांनी चढतं. घाबरलेल्या, तळमळणाऱ्या माणसाचे स्नायू ऑक्सिजन खातात. दादांजवळ बसून त्यांना धीर देता आला, तर तोही उपचारच आहे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर २०२१ च्या मे-जूनमध्ये कोल्हापुरात जवळपास घराघरांत पोहोचला. या यंत्रामागची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. ते २०२० च्या एप्रिलमध्ये गेले, जेव्हा सगळं जग त्यांचंच यंत्र बोटाला लावून बसलं होतं. पण त्या यंत्राला बोटात आलेलं मिश्रण तेवढं दिसतं, ते कुठे मिसळलं ते दिसत नाही. थंड बोट, दाट मेंदी, नेलपॉलिश, ढिला क्लिप यांनी ते चुकतं, आणि ८० च्या खाली त्याच्या आकड्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आकडा अडून बसला की पहिली तपासणी मनगटातल्या धमनीतल्या रक्ताची, म्हणजे एबीजी. आकडा ८५ वर खिळलाय, ऑक्सिजन कमी-जास्त केला तरी हलत नाही, आणि एबीजीत मात्र ऑक्सिजनचा दाब उत्तम आहे, असं निघालं तर विचार पूर्ण वेगळा करावा लागतो. डॅप्सोनसारख्या काही औषधांनी हिमोग्लोबिनचाच प्रकार बदलतो, रक्त चॉकलेटी दिसतं, आणि त्यावर उपाय निराळा असतो. तो घोळ आधी वगळायचा.

त्यानंतर फुफ्फुसाच्या मुख्य वाहिनीतली गुठळी. आयसीयूत आडव्या पडलेल्या, विषाणूने रक्त दाट झालेल्या माणसात ती सहज होते, आणि एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. तिच्यासाठी सीटी अँजिओ, म्हणजे शिरेत औषध सोडून वाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, लागतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पीएफओ सापडला की सगळे त्याच्याच मागे लागतात. गुठळीमुळे उजवीकडचा दाब वाढून तो उघडलेला असेल, तर खरा जीवघेणा आजार बाजूलाच राहतो. दादांचा सीटी अँजिओ झाला का, आणि नसेल तर का नाही, एवढं नम्रपणे विचारा.

मग पलंगाजवळ उभं राहून बघण्याची गोष्ट. न्यूमोनियाच्या माणसाला सहसा टेकून बसवलं की बरं वाटतं. आडवं पडल्यावर बरं आणि बसवल्यावर आकडा घसरतो, असं उलटं झालं, की आम्ही कान टवकारतो. १९४९ साली अमेरिकेतल्या बर्चेल आणि सहकाऱ्यांनी असं वर्णन पहिल्यांदा केलं होतं. उठून बसलं की हृदयाचा पडदा किंचित ताणला जातो, आणि पोटाकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतलं रक्त नेमकं त्या वाटेच्या तोंडावर येतं. तुम्ही ही गोष्ट प्रश्नात लिहिलीत ती फार मोलाची आहे. घरच्यांनी पाहिलेली अशी निरीक्षणं राऊंडच्या वेळी जरूर सांगावीत. फक्त एक सावधगिरी: फुफ्फुसांच्या तळाच्या भागात आजार जास्त असेल तर हृदय धडधाकट असतानाही बसल्यावर ऑक्सिजन उतरू शकतो, कारण बसल्यावर रक्त त्याच आजारी भागाकडे जास्त जातं. कोविडनंतर असे रुग्ण बरेच दिसले. म्हणजे ही खूण संशय घ्यायला पुरेशी आहे, निदान करायला नाही.

निदान होतं बबल टेस्टने. तुम्ही ती दारातून पाहिली असेल, तर ती काय होती ते सांगतो. दोन दहा मिलीच्या सिरिंजा तीन तोंडांच्या नळीला जोडतात. एकीत नऊ मिली सलाईन, त्यात एक मिलीपेक्षा जास्त नाही इतकी हवा. मग एका सिरिंजमधून दुसरीत, दुसरीतून पहिलीत, असं भराभर दहा-बारा वेळा ढकलतात. पाणी दुधासारखं पांढरट होतं. ते क्षणाचाही उशीर न करता हाताच्या मोठ्या शिरेत सोडायचं. तोवर इको करणारा डॉक्टर छातीवर प्रोब धरून चारही कप्पे एकाच चित्रात घेऊन बसलेला असतो. दोन-तीन ठोक्यांत उजवे कप्पे पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातात. आता डोळे पडद्याच्या डाव्या बाजूला. शुद्धीवरच्या रुग्णाला आम्ही जोर लावून श्वास कोंडायला सांगतो, "आता सोडा" म्हणतो; व्हेंटिलेटरवर असेल तर मशीननेच श्वास क्षणभर धरून सोडतो. उजवीकडे ठिपके आल्यापासून तीन ठोक्यांच्या आत ते डावीकडे उगवले, तर वाट हृदयात आहे. चार-पाच ठोके उलटल्यावर, फुफ्फुसाच्या शिरांच्या बाजूने हळूहळू आले, तर वाट फुफ्फुसात आहे: तिथल्या धमनी-शिरांची जन्मजात गाठ, लिव्हरच्या जुन्या आजाराने फुगलेल्या वाहिन्या, असं काहीतरी. ठोके मोजण्याचा नियम पक्का नाही. फुफ्फुसातली वाट मोठी असेल तर ठिपके लवकरही येतात. म्हणून ठोक्यांइतकंच ते कुठून शिरले हे पाहावं लागतं, आणि त्यासाठी रेकॉर्डिंग हळू चालवून पुन्हा बघावं लागतं. शिरेत हवा सोडली म्हणून तुम्ही घाबरला असाल, तर ही तपासणी जगभर रोज होते आणि त्रास क्वचितच होतो.

साध्या टूडी इकोत "सगळं नॉर्मल" आलं म्हणजे हृदय मोकळं सुटलं असं नाही. बुडबुडे न सोडता पीएफओ बहुतेक वेळा दिसतच नाही. हातातून सोडले तरी चुकू शकतो, कारण हाताकडून येणारं रक्त खालच्या कप्प्याच्या झडपेकडे जातं आणि पडद्याकडे वळतं ते पोटाकडून आलेलं, गर्भात होतं तसंच. संशय दाट असेल तर मांडीच्या शिरेतून बुडबुडे सोडतात, किंवा अन्ननलिकेतून प्रोब घालून इको करतात. शेवटची तपासणी ऑक्सिजनवरच्या माणसाला सोसवेल का, हे डॉक्टरच ठरवतील.

अशा रुग्णांचं प्रमाण किती? फ्रान्समध्ये फुफ्फुसं गंभीर निकामी होऊन व्हेंटिलेटरवर आलेल्या २०३ जणांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १९ टक्के रुग्णांमध्ये या वाटेने मध्यम किंवा मोठ्या प्रमाणात रक्त उलटं जात होतं, आणि व्हेंटिलेटरचा दाब वाढवल्यावर अशा रुग्णांचा ऑक्सिजन इतरांइतका सुधारत नव्हता. कोविडच्या पहिल्या वर्षी न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात १८ रुग्णांच्या कानशिलावर डॉपलर (रक्ताचा प्रवाह टिपणारा सोनोग्राफीचा प्रोब) ठेवून बुडबुडे शोधले, तर १५ जणांच्या मेंदूच्या वाहिन्यांत ते पोहोचलेले दिसले. त्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ फुफ्फुसातल्या वाहिन्या फुगल्या असा लावला. डोक्यावरच्या डॉपलरला बुडबुडे आले एवढं कळतं. हृदयातून आले की फुफ्फुसातून, हे त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. कोविडमध्ये माणसं ७५-८० सॅच्युरेशनवर फोनवर बोलत बसायची, त्याचं सगळं श्रेय हृदयातल्या छिद्राला देणारेही तेव्हा भेटले. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. धाप मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यावर लागते, आणि कोविडमध्ये तो सुरुवातीला साठत नव्हता. त्या गूढ वाटणाऱ्या शांतपणाचा मोठा भाग त्यातच होता. छिद्राचा वाटा काही रुग्णांत असतो, सगळ्यांत नाही. पण ज्याच्यात असतो, त्याच्यात तो ओळखला नाही तर उपचार उलट्या दिशेने जातात.

उलट्या दिशेने म्हणजे असं. ऑक्सिजन चढत नाही की सवयीने मशीनचा दाब वाढवला जातो. साध्या न्यूमोनियात मिटलेले वायुकोश उघडतात, फायदा होतो. उघड्या पीएफओमध्ये तोच दाब वाहिन्यांना दाबतो, उजवी बाजू आणखी फुगते, आणखी रक्त डावीकडे पळतं. दाब वाढवला आणि सॅच्युरेशन घसरलं, ही खूण ज्याला ओळखता आली त्याने अर्धी लढाई जिंकली. अशा वेळी दाब शक्य तितका उतरवायचा, कार्बन डायऑक्साइड साठू द्यायचा नाही, आम्लता सुधारायची. पालथं झोपवणं हा उत्तम उपाय, कारण त्याने मिटलेली फुफ्फुसं जास्त दाबाविना उघडतात आणि उजव्या हृदयावरचा ताण हलका होतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना दिवसातले सोळा तास पालथं ठेवल्याने गंभीर आजारातले मृत्यू कमी होतात, हे २०१३ पासून पक्कं झालेलं आहे. मास्कवर शुद्धीत असलेल्यालाही त्याने पुष्कळदा मदत होते. अंगावर पाणी साठलं असेल तर लघवीचं औषध, पण मोजून. फार कोरडं केलं की डावीकडचा दाब पडतो आणि उलटा प्रवाह वाढतो. श्वासातून द्यायचा नायट्रिक ऑक्साइड फुफ्फुसातल्या वाहिन्या सैल करतो. तो सगळीकडे मिळत नाही, म्हणून त्याच कामासाठी सिल्डेनाफिल हे औषध वापरलं जातं; रक्तदाबावर डोळा ठेवून.

आणखी एक गोष्ट नर्सिंग स्टेशनपर्यंत पोहोचली पाहिजे. वाट उजवीकडून डावीकडे उघडी असेल, तर पायातल्या शिरेतली गुठळी फुफ्फुसात अडकण्याऐवजी थेट मेंदूत जाऊ शकते. कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने १८७७ सालीच हे दाखवून दिलं होतं. म्हणून गुठळी होऊ न देणारी इंजेक्शनं चुकवायची नाहीत, पायांची हालचाल करून घ्यायची. आणि सलाईनच्या नळीत हवेचा एकही फुगा ठेवायचा नाही. एरवी नळीतला छोटासा बुडबुडा फुफ्फुसात गाळला जातो. इथे तो गाळणीला वळसा घालतो. तपासणीत बुडबुडे एकदाच, मोजून आणि बारीक करून सोडतात. नळीत राहिलेला फुगा हा वेगळा प्रकार आहे. दादांचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मिनिटभरही न थांबता सिस्टरना हाक मारा.

आता बंद करण्याचा प्रश्न. तुमच्या जागी मी असतो तर आज घाई केली नसती. छत्रीसारखं यंत्र मांडीच्या शिरेतून नेऊन ही वाट बंद करता येते, छाती उघडावी लागत नाही. पण उजवीकडचा दाब प्रचंड चढलेला असताना ती वाट म्हणजे उजव्या हृदयाला मिळालेली सुटका असते. ती बंद केली तर ऑक्सिजनचा आकडा सुधारेल आणि हृदय मात्र बसेल, असं होऊ शकतं. न्यूमोनिया निवळला, दाब उतरला, की बहुतेकांचा पापुद्रा पुन्हा पहिल्यासारखा जागेवर बसतो. आजार पूर्ण निवळूनही, दाब फारसा नसतानाही, बसल्यावर ऑक्सिजन पडतच राहिला, मशीन किंवा मास्क सुटेना, तर मात्र बंद करण्याचा विचार करावा लागतो, आणि तेव्हा त्याचा गुण लगेच दिसतो. हा निर्णय छातीचे आणि हृदयाचे डॉक्टर एकत्र बसून घेतात. एकट्याने घेऊ नये.

बरं झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी बबल टेस्टसह इको पुन्हा करून घ्या, फुफ्फुसाचा दाबही मोजायला सांगा. तेव्हा सगळं शांत असेल, आणि दादांना कधी कारण न सापडलेला पक्षाघात झालेला नसेल, तर केवळ पीएफओ आहे म्हणून यंत्र बसवायची गरज नाही. साठीच्या आत तसा पक्षाघात झालेल्यांमध्ये बंद करण्याचा फायदा २०१७ मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवला. निरोगी माणसाला हे लागू पडत नाही. चौघांतल्या एकाला असलेली गोष्ट आजार म्हणून आयुष्यभर उराशी बाळगायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र रिपोर्टमध्ये नीट वाचून घ्या: पीएफओ लिहिलंय की एएसडी. लोक दोन्हींना "हृदयाला भोक" म्हणतात, पण दोन्हींत मोठा फरक आहे. एएसडी म्हणजे पडद्याचा तुकडाच नसणं. तो हजारात एक-दोघांना असतो. त्यातून वर्षानुवर्षं डावीकडचं रक्त उजवीकडे जातं, उजवे कप्पे मोठे होतात, माणूस चाळिशीपर्यंत "जरा लवकर दमतो" एवढ्यावर निभावतो. लहानपणी वरचेवर छाती भरणं, जोतिबाच्या पायऱ्या चढताना बरोबरीच्यांपेक्षा लवकर थांबणं, ईसीजीत उजव्या बाजूचा अडथळा, या त्याच्या खुणा. न्यूमोनियात दाब चढला की हाच प्रवाह उलटतो. वरच्या मोठ्या शिरेलगतचा एक प्रकार तर साध्या इकोत हमखास निसटतो. एएसडी असेल आणि उजवी बाजू मोठी झाली असेल, तर बरं झाल्यावर कॅथेटरने दाब मोजून तो बंद करण्याबद्दल गांभीर्याने बोलायला हवं, आणि त्याला उशीर परवडत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हृदयाच्या अशा उपचारांची सोय आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

पोरांचं उत्तर यावरच ठरतं. दादांचा पीएफओ असेल तर घरातल्या मुलांना रांगेने इकोला उभं करू नका. चौघांतल्या एकात तो सापडेल आणि फक्त घोर लागेल. एएसडी असेल तर दादांच्या मुलांचा आणि सख्ख्या भावंडांचा, म्हणजे तुमचाही, एकदा इको करणं योग्य. अंगणवाडी आणि शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांची तपासणी ठरलेली आहे. मूल दूध पिताना घामाघूम होतं, वजन धरत नाही, रडताना ओठ निळे पडतात, यांपैकी काही दिसलं तर पथकाची वाट न बघता बालरोगतज्ज्ञ गाठा.

दादा घरी आल्यावर काही आठवडे ऑक्सिमीटरचा आकडा झोपून आणि बसून, दोन्ही वेळा लिहून ठेवा. सहा मिनिटं घरातल्या घरात चालवून तीनपेक्षा जास्त अंकांनी पडतो का, तेही बघा. दरवर्षी फ्लूची लस घ्यायला लावा. फाउंड्रीत परतण्याआधी फुफ्फुसाची क्षमता मोजणारी पीएफटी तपासणी करून घ्या. तारकर्लीला जाऊन स्कुबा डायव्हिंग करायचा बेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाण्यातून वर येताना रक्तात तयार होणारे बुडबुडे या वाटेने मेंदूत जाऊ शकतात. आणि बबल टेस्टचा रिपोर्ट फाईलच्या तळाला न ठेवता वरच ठेवा. पुढे कधी साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला जरी गेले, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो आधी दाखवा.